चियांग माई ते बँकॉक दिवसाच्या रेल्वेने: मराठवाड्यातून प्रथमच परदेशी निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सहल कंपनीच्या गटात न जाता, पाठीवर एक सॅक घेऊन स्वतःच्या हिमतीवर परदेश पाहावा, अशी इच्छा असलेल्या नवख्या प्रवाशांना मी पहिला देश म्हणून थायलंड सुचवतो आणि त्या देशातला एक पूर्ण दिवस रेल्वेसाठी राखून ठेवायला सांगतो. बँकॉक ते चियांग माई हा उत्तरेकडचा मार्ग ७५१ किलोमीटरचा आहे. विमान हे अंतर तासा-सव्वा तासात कापते, तर दिवसाची जलद रेल्वे त्यासाठी साडेदहा तासांच्या आसपास वेळ घेते. बहुतेक पर्यटक विमानाने किंवा रात्रीच्या गाडीने जातात आणि मधला देश न पाहताच परततात. डोंगर, सागवानाची जंगले, नद्या, भातखाचरे आणि लहान गावांची टापटीप स्थानके हे सारे एका बैठकीत पाहायचे असेल, तर दिवसाच्या गाडीला पर्याय नाही. मात्र दहा-अकरा तास एका खुर्चीवर बसायचे असल्याने त्याची तयारी नीट करावी लागते.

रात्री वर, दिवसा खाली

सर्वांत महत्त्वाचा निर्णय दिशेचा आहे. बँकॉकहून सकाळी नऊच्या सुमारास निघणारी दिवसाची गाडी दुपारपर्यंत सपाट मैदानातून धावते. डोंगराचा खरा भाग येईतो संध्याकाळ होते आणि हिवाळ्यात खुन तानच्या बोगद्याजवळ पोहोचताना उजेड जवळजवळ संपलेला असतो. याउलट चियांग माईहून सकाळी नऊच्या आत सुटणारी ८ क्रमांकाची गाडी घेतली, तर पहिल्या चार-पाच तासांतच सगळा डोंगराळ भाग स्वच्छ उन्हात आणि ताज्या डोळ्यांनी पाहता येतो. उरलेला सपाट प्रदेश दुपारच्या सुस्तीत निघून जातो. म्हणून बँकॉकहून चियांग माईला सायंकाळी सुटणाऱ्या शयनयान गाडीने जावे, तीन-चार दिवस तिथे राहावे आणि परतताना दिवसाची गाडी पकडावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. रात्रीच्या गाडीत खालची बर्थ वरच्या बर्थपेक्षा रुंद असते आणि तिचे भाडेही थोडे जास्त असते. उंच बांध्याच्या माणसाने ते जास्तीचे पैसे अवश्य द्यावेत.

ऋतूचा विचारही दिशेइतकाच महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम असतो. सोयाबीनची रास होऊन रब्बीची पेरणी आटोपली की शेतकरी घरातल्या माणसालाही नेमकी याच सुमारास सवड मिळते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडमध्ये शेतातला काडीकचरा आणि जंगल जाळल्याचा धूर दाट साचतो. तेव्हा डोंगर दिसत नाहीत आणि दमेकऱ्यांना त्रासही होतो. १३ ते १५ एप्रिल या सोंगक्रान सणाच्या दिवसांत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सारा देश गावाकडे निघालेला असतो. त्या दिवसांची तिकिटे फार लवकर संपतात.

कागदपत्रे आणि तिकीट

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. भारतीयांसाठी असलेले व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. त्यामुळे कोणाच्या ऐकीव माहितीवर न विसंबता, विमानाचे तिकीट काढण्याच्या दिवशीच थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पाहून घ्यावा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड हा अर्ज देशात पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावा लागतो. या अर्जाला शुल्क नाही. जे संकेतस्थळ पैसे मागते ते सरकारी नाही, एवढे पक्के लक्षात ठेवावे. परतीच्या विमानाचे तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता यांची छापील प्रत जवळ असावी, कारण मोबाईलची बॅटरी संपल्यावर तीच उपयोगी पडते.

विमान कोठून घ्यावे याचे उत्तर आपल्या गावावर अवलंबून आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीडकडच्या प्रवाशांना मुंबई सोयीची आहे. नांदेड, देगलूर, उदगीर आणि लातूरच्या प्रवाशांनी मात्र हैदराबादचा विचार आधी करावा. कोठूनही गेलात तरी गावाहून निघणारी गाडी आणि विमान यांत अर्ध्या दिवसाचे अंतर ठेवावे.

रेल्वेचे तिकीट थायलंडच्या सरकारी रेल्वेच्या डी-तिकीट या अधिकृत सेवेवर काढता येते. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, लिहावे. पैसे भरण्याआधी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत, कारण भारतीय कार्डांवर ही सोय आपण सुरू केल्याशिवाय सुरू होत नाही. कार्ड तरीही नाकारले गेले, तर बँकॉकला उतरल्यावर स्थानकाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट घ्यावे, आणि चियांग माईहून परतण्याचे तिकीटही तिथेच, त्याच वेळी काढून टाकावे. थायलंडमध्ये बौद्ध संवत्सर वापरतात आणि ते इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असते. म्हणून एखाद्या कागदावर २०२६ ऐवजी २५६९ असे वर्ष दिसले तर गोंधळून जाऊ नये. तारीख, महिना, डब्याचा क्रमांक आणि आसनाचा क्रमांक मात्र खिडकीवरून हलण्यापूर्वी दोनदा तपासावा.

आसन निवडताना उन्हाचा हिशेब करावा. गाडी दक्षिणेकडे जात असल्याने सकाळचे ऊन डाव्या बाजूने आणि दुपारनंतरचे उजव्या बाजूने येते. डोंगर सकाळी लागतात, म्हणून मी उजवी खिडकी सुचवतो. दुपारी मैदानात ऊन तिरपे येऊ लागले की पडदा ओढून घ्यावा.

घरच्या मार्गावर तालीम

ही पायरी नवख्या प्रवाशाने चुकवू नये असे मला मनापासून वाटते. परदेशात दहा तास बसणे आपल्याला झेपेल का, सॅक किती जड होते, पाठ कोणत्या तासाला दुखू लागते, हे घरीच कळलेले बरे. त्यासाठी नांदेडहून मुंबईला जाणारी तपोवन एक्स्प्रेस उत्तम आहे. ती दिवसा धावते आणि जवळजवळ बारा तास घेते. पूर्णा, परभणी, सेलू, जालना, संभाजीनगर, मनमाड असा ओळखीचा मार्ग असल्याने काही अडले तरी काळजीचे कारण नसते. परदेशी नेणार तीच सॅक, तेच बूट आणि तेवढेच पाणी घेऊन, बसण्याच्या आसनावर हा प्रवास एकदा करावा. मनमाडपर्यंत पोहोचताना ज्या वस्तूंना हातही लागला नाही, त्यांतल्या निम्म्या घरी ठेवाव्यात. ज्या वस्तूची उणीव दोनदा भासली, ती यादीत घालावी.

एक फरक मात्र तालमीत कळणार नाही. थायलंडची रेल्वे मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांतले अंतर १,००० मिलिमीटर आहे. आपल्या ब्रॉडगेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर असते. मनमाड-सिकंदराबाद मार्ग गेल्या शतकात बराच काळ मीटरगेजच होता आणि पूर्णा-अकोला मार्ग तर २००० नंतरही काही वर्षे तसाच होता. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना छोट्या लाइनीचे ते डुलणे चांगले आठवत असेल. वळणावर डबा अधिक हलतो आणि वाचताना मळमळू शकते. ज्यांना एसटीच्या घाटात त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी सोबत घ्यावी, निघण्याच्या अर्धा तास आधी हलके खावे आणि डोंगराच्या भागात मोबाईलकडे न पाहता दूरवर पाहावे.

सॅक आणि शिदोरी

सॅक चाळीस लिटरच्या आतली असावी. ती डोक्यावरच्या फळीवर ठेवता येते आणि उतरवताना शेजाऱ्याला धक्का लागत नाही. मोठी ट्रंकवजा बॅग या गाडीत सगळ्यांनाच अडचणीची होते. पासपोर्ट, पैसे, औषधे आणि तिकीट यांसाठी वेगळी छोटी पिशवी करावी आणि ती झोपतानाही अंगावर असावी. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते. रेल्वेत प्रत्येक आसनाजवळ प्लग मिळेलच असे धरू नये. डबा वातानुकूलित असतो आणि गारठा आपल्या अपेक्षेपेक्षा बराच अधिक असतो, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असले तरी एक शाल किंवा जाड उपरणे आणि पायमोजे वरच्या कप्प्यात ठेवावेत.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी माणसासाठी सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. या गाडीत सहसा परिचर जागेवर खाऊ आणि जेवण आणून देतो. प्लास्टिकचा लहान बंद डबा समोर येतो. त्याचे झाकण सोलले की एका कप्प्यात भात आणि दुसऱ्यात कालवण दिसते, आणि ते कालवण बहुधा कोंबडीचे किंवा मासळीचे असते. भाजी दिसली तरी तिच्यात मासळीपासून केलेला खारट रस असतो, कारण थाई स्वयंपाकात तो मिठाच्या जागी वापरतात. खिडक्या उघडत नसल्याने फलाटावरच्या विक्रेत्याकडून हात बाहेर काढून काही घेता येत नाही. त्यामुळे शाकाहारी प्रवाशाने स्वतःची शिदोरी नेणेच शहाणपणाचे आहे.

घरून नेलेल्या धपाट्यांवर आणि दशम्यांवर या दिवसाची भिस्त ठेवू नये. धपाटे दोन दिवसांत आणि दुधातल्या दशम्या तीन-चार दिवसांत संपवाव्या लागतात, म्हणजे त्या जाताना विमानतळावर आणि रात्रीच्या गाडीतच कामी येतील. परतीच्या दिवसासाठी टिकणारे पदार्थ वेगळे बांधावेत. लातूर-धाराशिवकडे मिळणारी ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि गूळ-शेंगदाणे हे सारे आठवडाभर सहज टिकते. चटणीला तेल कमी घालावे आणि ती घट्ट झाकणाच्या डबीत, तीही पिशवीत बांधून ठेवावी, म्हणजे कपड्यांना वास लागत नाही. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ नयेत. सीमाशुल्क तपासणीत ते अडचणीत आणतात. केळी, साधे दही आणि उत्तर थायलंडचा रोजचा चिकट भात आदल्या संध्याकाळी चियांग माईच्या बाजारात मिळतो. कडक भाकरी चुरून तिच्यावर दही आणि चटणी घेतली की दुपारचे जेवण पोटभर होते. चियांग माईत खानावळ शोधताना पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली दुकाने पाहावीत. तिथे ‘जे’ प्रकारचे, म्हणजे मांस, मासळी, अंडी आणि दूध नसलेले अन्न मिळते, आणि कांदा-लसूणही त्यात नसतो. ‘किन जे’ एवढे दोन शब्द बोलले तरी दुकानदाराला आपली अडचण समजते.

स्थानकावर आणि डब्यात

चियांग माईचे रेल्वे स्थानक जुन्या शहराच्या पूर्वेला, पिंग नदीच्या पलीकडे आहे. जुन्या शहरातून लाल रंगाच्या सामायिक गाड्या तिथे येतात. बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे. सकाळी आठच्या आत स्थानकावर असावे. आठ वाजता राष्ट्रगीत वाजते आणि स्थानकावरचे सगळे लोक जिथे असतील तिथे स्तब्ध उभे राहतात. आपणही हातातले सामान खाली ठेवून उभे राहावे, बोलणे आणि चित्रीकरण थांबवावे. सायंकाळी सहाला हेच पुन्हा होते.

डब्यात दोन-दोन आसनांच्या रांगा असतात आणि पाठ थोडी मागे झुकते. आपल्या स्लीपरप्रमाणे दुपारी आडवे होण्याची सोय नाही, म्हणून तासाला एकदा उठून डब्यात चार पावले फिरावे, घोटे गोल फिरवावेत आणि पाणी घोटाघोटाने प्यावे. स्वच्छतागृहासाठी टिश्यू पेपर आणि लहान साबण जवळ ठेवावा. वाटेत गाडी अनेक ठिकाणी एखाद-दोन मिनिटेच थांबते. आपल्याकडे पाण्याची बाटली भरायला फलाटावर उतरण्याची सवय असते, ती इथे सोडावी. पुढची गाडी कदाचित दुसऱ्या दिवशीच मिळेल आणि सॅक मात्र बँकॉकला गेलेली असेल.

वागण्याचे काही नियम पाळले की सहप्रवासी आपुलकीने वागतात. आपल्याकडे चप्पल काढून समोरच्या आसनावर पाय ठेवणे फारसे कोणाला खटकत नाही. तिथे पाय हा शरीराचा हीन भाग मानतात, म्हणून तळवा कोणाकडे किंवा बुद्धप्रतिमेकडे करणे हा अपमान ठरतो. कोणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावू नये. भिक्षू शेजारी असतील तर स्त्रियांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतके अंतर ठेवावे आणि आसन तसे आले असेल तर परिचराला सांगून बदलून घ्यावे. राजघराण्याविषयी टीका करणे तिथे गंभीर गुन्हा आहे, तेव्हा तो विषय काढूच नये. मोबाईलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहणे किंवा गावाकडे स्पीकरवर बोलणे टाळावे. भारताची घड्याळे तिथल्यापेक्षा दीड तास मागे असतात, हे घरच्यांना फोन करताना ध्यानात असू द्यावे.

खिडकीतून काय पाहावे

गाडी सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत लाम्फून येते आणि त्यानंतर चढ सुरू होतो. इथून लाम्पांगपर्यंत कृपया झोपू नये. प्रथम था चोम्फूचा पांढरा पूल लागतो. तो काँक्रीटचा आहे, कारण पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलाद मिळणे कठीण झाले होते. गाडीत बसून पूल पूर्ण दिसत नाही. वळणावर पुढचे डबे त्याच्यावर चढताना मात्र दिसू शकतात.

त्यानंतर खुन तान येते. समुद्रसपाटीपासून ५७८ मीटर उंचीवरचे हे थायलंडमधले सर्वांत उंच स्थानक आहे. स्थानक संपते तिथेच डोंगरात बोगद्याचे तोंड आहे. बोगदा १,३५२ मीटर लांबीचा आहे. त्याचे काम १९०७ मध्ये सुरू झाले आणि १९१८ मध्ये खोदकाम पूर्ण झाले. जर्मन अभियंता एमिल आयझेनहोफर यांच्या देखरेखीखाली डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरला गेला. १९१७ मध्ये सयामने, म्हणजे तेव्हाच्या थायलंडने, जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्यावर त्यांना नजरकैदेत जावे लागले. बोगद्याच्या तोंडाजवळ त्यांचे स्मारक आहे आणि गाडी हळू असल्याने ते पाहायला थोडा वेळ मिळतो. रेल्वे प्रत्यक्ष चियांग माईला पोहोचली ती १९२२ मध्ये. मराठवाड्यातल्या प्रवाशाला रेल्वेचा घाट म्हटला की मुंबईच्या वाटेवरचा कसारा आठवतो. तिथला घाट रुंद आणि मोकळा आहे, तर इथे झाडी काचेला टेकेल इतकी जवळ येते आणि डबा एकापाठोपाठ एक वळणे घेत राहतो.

लाम्पांगनंतरही नदीकाठचे आणि जंगलाचे सुंदर तुकडे लागतात, पुढे डेन चाई येते. डेन चाईहून चियांग रायकडे नवा रेल्वेमार्ग बांधण्याचे काम सुरू आहे. डेन चाईच्या दक्षिणेला डोंगर ओसरू लागतात. उत्तरादित ओलांडले की नान नदीच्या खोऱ्यातली सपाट भातशेती सुरू होते आणि फित्सनुलोकपर्यंत दुपार कलते. हा भाग एकसुरी आहे असे अनेकजण म्हणतात. पण शेतीच्या घरातून आलेल्या माणसाने तो लक्षपूर्वक पाहावा. गोदावरीकाठी आपण एका पाण्यासाठी तळमळतो. इथे कालवे, शेततळी आणि खाचरांची आखणी एकमेकांना कशी जोडली आहे, हे तास-दोन तास सलग दिसत राहते. नाखोन सवानला पिंग आणि नान या नद्या मिळून चाओ फ्राया तयार होते, आणि तीच पुढे बँकॉकपर्यंत जाते. नंतर लोपबुरी आणि अयुथ्या येईतो बाहेर अंधारू लागते.

छायाचित्र काढताना मोबाईल काचेला पूर्ण टेकवावा आणि भोवती गडद उपरण्याचा आडोसा करावा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही. डोंगरात मोबाईलची रेंज वारंवार जाते. मार्गाचा नकाशा आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवावा, म्हणजे कोणते स्थानक गेले आणि कोणते यायचे आहे, हे परिचराला न विचारता कळते.

बँकॉकला उतरताना

वेळापत्रकाप्रमाणे गाडी सायंकाळी साडेसातच्या आसपास क्रुंग थेप अफिवात या स्थानकावर येते. १९ जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथूनच सुटतात आणि इथेच येतात. जुन्या पुस्तकांत किंवा जुन्या माहितीत हुआलाम्फोंग स्थानकाचे नाव असेल, तर त्यावर विसंबून तिकडे जाऊ नये. स्थानक विस्तीर्ण आहे, पण पाट्या इंग्रजीतही आहेत. खाली मेट्रोची निळी मार्गिका आहे आणि तिच्या स्थानकाचे नाव बांग सू आहे. डॉन मुआंग विमानतळाकडे जायचे असल्यास लाल मार्गिकेची गाडी थेट जाते. सुवर्णभूमीकडे जायचे असल्यास निळ्या मार्गिकेने फेचबुरी गाठावे आणि तिथून चालत मक्कासानला जाऊन विमानतळाची रेल्वे घ्यावी.

दिवसाची गाडी तासभर, कधी त्याहून जास्त उशिराने येऊ शकते. त्यामुळे भारतात परतण्याचे विमान त्याच रात्रीचे कधीही घेऊ नये. ती रात्र बांग सूच्या निळ्या मार्गिकेवरच्या एखाद्या साध्या वसतिगृहात काढावी. मुक्कामाचे आरक्षण करतानाच तिथे रात्री दहानंतर प्रवेश मिळतो का, हे विचारून ठेवावे, आणि वसतिगृहाचा पत्ता थाई लिपीत छापलेला कागद पासपोर्टच्या पाकिटात घालून ठेवावा.